मिथिलेच्या भिंती

तेहेतीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविताना जनकराजाचे नाव माझ्या तोंडून किती वेळा आले असेल, याची गणना करणे शक्य नाही. विदेहांची विद्वत्सभा, याज्ञवल्क्याला प्रश्न करणारी गार्गी, शिवधनुष्याचा भंग, नांगराच्या फाळाशी सापडलेली सीता, हे सारे मी फळ्यापुढे उभा राहून अशा थाटाने सांगत असे की, जणू काय मिथिला नगरी आमच्या गावच्या वेशीबाहेरच वसलेली आहे. प्रत्यक्षात मात्र ती भूमी मी पाहिलेली नव्हती. सेवानिवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या फेब्रुवारीत, तो योग आला. माझा एक जुना विद्यार्थी बँकेच्या नोकरीनिमित्त बिहारातील मधुबनी येथे होता. ‘गुरुजी, तुम्ही आम्हांला शिकविलेली मिथिला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जा,’ असा त्याचा आग्रह वर्षभर चालू होता. अखेरीस आम्ही उभयतांनी बिछाने बांधले.

आमचा प्रवास बल्लारशाह स्थानकावरून सुरू झाला, आणि पुढील हकिकतीच्या दृष्टीने ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. या स्थानकाच्या भिंतींवर ताडोब्याचे वाघ, अरण्य आणि आदिवासींचे जीवन चित्रित केलेले होते. २०१८ साली रेल्वे मंत्रालयाने सुशोभित स्थानकांची निवड केली, तेव्हा बल्लारशाह व चंद्रपूर या आमच्याकडील जोडीला पहिला क्रमांक मिळाला, आणि दुसरा क्रमांक मधुबनी व मदुराई यांना विभागून मिळाला. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या गावची मंडळी दुसऱ्या क्रमांकाच्या गावी पाहुणी म्हणून चालली होती. मनात थोडासा अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे. परत येताना त्यातला किती उरला, ते पुढे येईलच.

संघमित्रा एक्स्प्रेसने दानापूर, तेथून पाटणा, मग गंगा ओलांडून दरभंगा, आणि दरभंग्याहून सकरी, पंडौल अशी लहानलहान स्थानके घेत मधुबनी. सागाची राने आणि काळी जमीन पाहण्याची सवय असलेल्या आमच्या डोळ्यांना तो प्रदेश अगदी निराळा वाटला. डोंगर म्हणून नाही. क्षितिजापर्यंत सपाट शेते, त्यांत मोहरीचा पिवळा रंग, मधूनमधून बांबूची बेटे, आंब्याच्या राया, आणि दर पाच-दहा मिनिटांनी एखादा पोखर, म्हणजे तळे. पान, मासे आणि मखाणे ही मैथिलांची तीन दैवते, असे माझा विद्यार्थी हसत म्हणाला. तेथील ब्राह्मणांच्या घरी मासे शिजतात हे ऐकून सौभाग्यवती क्षणभर स्तब्ध झाल्या. पण आपल्याकडील सारस्वत बंधूंची आठवण करून दिल्यावर त्यांचे समाधान झाले.

मधुबनीस गाडी थांबली, आणि मी सामान उतरवून घेण्याचे विसरून भिंतीकडेच पाहत राहिलो. स्थानकाच्या भिंती जमिनीपासून हात पोचेल तेथपर्यंत, आणि हात न पोचेल तेथेही, चित्रांनी भरून गेल्या होत्या. कोठे सीता रामाच्या गळ्यात वरमाला घालीत आहे, कोठे कृष्णलीला चालली आहे, कोठे गावची नित्याची कामे आहेत. माशाच्या आकाराचे मोठे डोळे, दुहेरी रेघांनी बांधलेल्या आकृती, त्या दोन रेघांमध्ये बारीक तिरप्या रेघांची वीण. रिकामी जागा म्हणून या चित्रकलेला खपतच नाही. जेथे देव नाही तेथे पान, जेथे पान नाही तेथे फूल, आणि जेथे फुलालाही जागा नाही तेथे निदान एक मासा.

हे काम २०१७ च्या गांधीजयंतीस सुरू झाले. त्यापूर्वी अस्वच्छ स्थानकांच्या यादीत मधुबनीचे नाव घेतले जात असे. रंग रेल्वेने दिले, आणि हात आजूबाजूच्या गावांनी दिले. दीडशेहून अधिक कलावंत, त्यांत स्त्रियांचाच भरणा, शिड्या व मचाणे लावून कामास लागले, आणि काही दिवसांतच सात हजार चौरस फुटांहून अधिक भिंत त्यांनी चितारून काढली. कोणीही मजुरी घेतली नाही. श्रमदान म्हणून, आपल्या गावचे दार म्हणून, त्यांनी ते केले.

आम्ही दोघे त्या भिंतीच्या कडेकडेने हळूहळू चालत होतो. सौभाग्यवती रांगोळी उत्तम काढतात. चैत्रांगणातील गौरीचा पाळणा, शंख, चक्र, कासव त्यांच्या चिमटीतून असे उतरते की, छापाची आवश्यकता पडत नाही. त्यामुळे त्यांचे लक्ष रेघेकडे होते. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, ‘अहो, एक गोष्ट पाहिलीत? एवढा पान खाणारा मुलूख, आणि या भिंतीवर पिचकारी कोठे दिसत नाही.’ इतके बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुढे चालू लागल्या. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. तो वाचकांना मागाहून सांगेन.

मिथिलेच्या या भिंती जगाच्या दृष्टीस कशा पडल्या, ती कथा विलक्षण आहे. न्यायशास्त्रातील गंगेशोपाध्यायांची ही भूमी, वाचस्पतिमिश्रांची ही भूमी. पण पुरुषांनी शास्त्र पोथ्यांत ठेवले, तसे स्त्रियांनी चित्र घराच्या आतील भिंतीवर ठेवले, आणि परक्याची दृष्टी तेथे पोचत नसे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला. घरेच्या घरे कोसळली. विल्यम आर्चर नावाचा इंग्रज अधिकारी नुकसानीची पाहणी करीत हिंडत असता, पडलेल्या घरांच्या उघड्या पडलेल्या आतल्या भिंतींवर त्याला ही चित्रे दिसली. पुढे १९४९ साली त्याने ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. घर पडल्यावाचून जे दिसले नसते, ते अशा रीतीने दिसले.

दुसरा प्रसंगही आपत्तीचाच. १९६६-६७ च्या सुमारास बिहारात कोरडा दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईच्या एका चित्रकाराला मिथिलेत पाठविले. त्याचे काम इतकेच की, भिंतीवर चितारणाऱ्या स्त्रियांना कागद द्यावा, आणि त्या कागदाचे मोल त्यांच्या चुलीपर्यंत पोचवावे. हा चित्रकार म्हणजे आपले भास्कर कुलकर्णी. मराठी वाचकांपैकी किती जणांस हे नाव ठाऊक असेल, याची मला शंका आहे; मलाही ते मधुबनीस जाईपर्यंत ठाऊक नव्हते. प्रथम त्या स्त्रिया कागदाला हात लावीनात. चित्र हे विवाहाचे, व्रताचे अंग. ते विकावयाचे कसे? कुलकर्णी गावागावांतून हिंडले, आणि जितवारपूरच्या सीतादेवी, जगदंबादेवी यांसारख्या स्त्रियांनी कागद हाती घेतला. जगदंबादेवींना १९७५ साली आणि सीतादेवींना १९८१ साली पद्मश्री मिळाली. याच भास्कर कुलकर्ण्यांनी पुढे आपल्या ठाणे जिल्ह्यातील वारली चित्रकलेलाही जगापुढे आणण्यास हातभार लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जितवारपुरास गेलो. मधुबनीहून ते अगदी जवळ आहे. तेथे एका वृद्ध बाईंच्या अंगणात आम्हांस बसावयास चटई मिळाली. स्थानकाच्या भिंतीवर त्यांच्या सुनेने आणि नातीने काम केले होते. त्यांनी स्वतः शिडीवर चढता येत नाही म्हणून खालच्या काठाची नक्षी केली होती. माझे हिंदी पुस्तकी, त्यांचे मैथिली मिश्रित. पण सौभाग्यवतींना भाषेची अडचण पडली नाही. त्यांनी अंगणातील कोपऱ्यात बोटाने तुळशीवृंदावन काढून दाखविले. बाईंनी भिजवलेल्या तांदळाच्या पिठात बोटे बुडवून त्याशेजारी अरिपन काढले. अरिपन म्हणजे त्यांची रांगोळी. दोघी एकमेकींच्या रेघा पाहून हसल्या, आणि तेथून पुढे मला काही विचारावयाचे असल्यास त्या दोघींच्या संमतीनेच विचारावे लागले.

बाईंनी आम्हांला घरातील कोहबर दाखविले. विवाहानंतर वधूवर ज्या खोलीत पहिले काही दिवस राहतात तिच्या भिंतीवर हे चित्र असते. मध्ये कमळाची पाने आणि त्यांना भेदून वर जाणारा बांबू, भोवती पोपट, मासे, कासव, सूर्य, चंद्र. आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत नैना-जोगीण, म्हणजे दृष्ट लागू न देणारी देवता. ‘हे किती वर्षांचे?’ असे मी विचारले. ‘नातीच्या लग्नाचे. धाकटीचे लग्न ठरले की सारवून टाकू आणि पुन्हा काढू,’ त्या म्हणाल्या. ‘इतके सुंदर चित्र सारवून टाकावयाचे?’ या माझ्या प्रश्नाचे त्यांना नवल वाटले. ‘मास्टरसाहेब, चित्र भिंतीत नसते. हातात असते. हात आहे तोवर चित्र आहे.’

त्या गावात आणखी एक गोष्ट दिसली, ती सांगितली पाहिजे. ब्राह्मण घरांतील चित्रांची रीत रंग भरण्याची, तिला भरनी म्हणतात. कायस्थ घरांतील रीत रेघांच्या विणीची, ती कचनी. दोन्ही घरांच्या आतल्या. पण याच जितवारपुरातील दुसाध समाजाच्या स्त्रियांना या कोहबराच्या खोलीत प्रवेश कोठला? १९७० नंतरच्या काळात त्यांनी आपल्या अंगावरच्या गोंदणातील आकृत्याच कागदावर उतरविल्या आणि आपल्या राजा सल्हेस या वीरदेवतेच्या कथा रंगविल्या. चानोदेवी यांचे नाव या गोदना शैलीत आदराने घेतले जाते. शेजारच्या रांटी गावच्या दुलारीदेवी मल्लाह, म्हणजे मच्छीमार समाजातल्या. कायस्थ घरी, महासुंदरीदेवींकडे, घरकाम करता करता त्या चित्र शिकल्या, आणि २०२१ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. त्याच रांटीच्या गोदावरी दत्त यांना ती आम्ही जाण्यापूर्वी थोड्याच दिवसांमागे जाहीर झाली होती. घराच्या आतल्या भिंतीला उंबरठा असतो, आणि उंबरठ्याला कोण आत व कोण बाहेर हे ठरवावे लागते. स्थानकाच्या भिंतीला उंबरठा नाही. माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या मनुष्याला हा फरक तेथे उभे राहून जितका स्पष्ट दिसला, तितका तो कोणत्याही व्याख्यानाने दिसला नसता.

मनातील एक शंका मात्र मी बोलून दाखविली. इतक्या मोठ्या कामाचा एक पैसाही कोणास मिळू नये, हे न्याय्य आहे काय? सुनेने पितीचे काम थांबवून उत्तर दिले. ‘लग्नघरी शेजारीण कोहबर काढावयास येते, तेव्हा मजुरी मागत नाही. स्थानक आमचे म्हणून आम्ही गेलो. पण शेजाऱ्याच्या घरी लग्न रोज नसते. रोज बोलाविले तर आमच्या घरची चूल कोणी पेटवावी?’ या उत्तरात जो विवेक आहे तो फार थोड्या ठिकाणी आढळतो. श्रमदान मागण्याचा अधिकार समाजाला आहे, पण तो वारंवार वापरण्याचा नाही. ज्यांचे पोट कुंचल्यावर आहे त्यांच्याकडून तर मुळीच नाही. प्रेमाने एकदा मिळालेली गोष्ट पुढे हक्काने मागू लागले की, प्रेमही जाते आणि गोष्टही जाते.

परतताना रामपट्टीकडील रस्ता पाहिला. २०१२ साली येथे रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांवर गावच्या कलावंतांनी देवदेवतांची चित्रे काढली. हेतू असा की, ज्या बुंध्यावर राम-सीता आहेत त्यावर कुऱ्हाड उचलताना हात कचरावा. झाडाला पहारेकरी नेमण्यापेक्षा ही युक्ती स्वस्त आणि माझ्या मते अधिक खोल आहे. कारण पहारेकरी चुकविता येतो, स्वतःची लाज चुकविता येत नाही.

आता सौभाग्यवतींच्या त्या पाहण्याचा अर्थ सांगतो.

१९९८ साली मी आमच्या तालुक्यातील एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळेची रस्त्याकडील भिंत लांबलचक होती. नववीच्या पाच-सहा मुलींनी दिवाळीच्या सुट्टीत, कोणाला न विचारता, घरून गेरू व चुना आणून त्या भिंतीवर चित्रे काढली. चैत्रांगणातील शंख-चक्रे होती, पोळ्याचे बैल होते, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका होत्या. एका बैलाला पाच पाय झाले होते. गावचे लोक येताजाता थांबत, आणि ‘ही आमच्या पोरीने काढली’ म्हणून बोट दाखवीत. वर्षअखेरीस तपासणी येणार होती. साहेबांना हा पोरकटपणा दिसेल, या भयाने मी एका रविवारी भिंतीला सफेदी दिली आणि तालुक्याहून पेंटर आणवून तिच्यावर तैलरंगात सुविचार लिहवून घेतले. अक्षर सुरेख होते. तपासणी उत्तम पार पडली. मुली काही बोलल्या नाहीत, आणि मीही त्यांना काही विचारले नाही.

आमच्या भागात खर्रा खाण्याची खोड आहे. मुलींची चित्रे होती तोवर त्या भिंतीवर एक डाग पडलेला मला आठवत नाही. सुविचार लिहिल्यावर सहा महिन्यांत खालचा दोन हात भाग लाल झाला, आणि त्यातही ‘परिसर स्वच्छ ठेवा’ या वाक्यावर थुंकणाऱ्यांची विशेष मेहेरनजर होती. मी दरवर्षी रंग देत गेलो, शिपायाला बसविले, प्रार्थनेच्या वेळी उपदेश केला. दोष लोकांचा, असेच मी अठरा वर्षे, निवृत्त होईपर्यंत, मानीत आलो. सौभाग्यवतींनी १९९८ सालीच एकदा म्हटले होते की, ‘मुलींची भिंत पुसावयाची नव्हती.’ मी ते मनावर घेतले नाही. वीस वर्षांनी त्याच वाक्याची त्यांनी मधुबनीच्या फलाटावर एका दृष्टिक्षेपात आठवण करून दिली, आणि पहिल्या क्रमांकाच्या गावचा माझा अभिमान तेथेच उतरला.

परत आल्यावर पंधरा दिवस मी स्वस्थ बसलो. मग धीर करून त्या मुलींपैकी एकीच्या घरी गेलो. ती आता गावातच संसार करते, आणि तिचा मुलगा त्या वेळी त्याच शाळेत होता. मी म्हणालो, ‘बाई, तुमची भिंत मी पुसली होती. ते चुकले.’ तिने चहा ठेवला. मग म्हणाली, ‘गुरुजी, आम्ही रडलो नव्हतो. त्या रस्त्याने जाताना फक्त भिंतीकडे पाहणे सोडले.’ विद्यार्थ्यांनी मला पुष्कळ उत्तरे दिली आहेत, पण इतके अचूक उत्तर दुसरे आठवत नाही.

शाळेच्या त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. २०१९ च्या उन्हाळ्यात ती भिंत पुन्हा चुन्याने पांढरी झाली, आणि या खेपेस मुलांबरोबर त्यांच्या आया, एक आजी आणि पूर्वी खर्रा खाऊन तेथेच टेकून उभा राहणारा एक रिक्षावालाही कामास आला. त्याने रिक्षाच काढली. काय काढावे याची यादी कोणी केली नाही. मी एकदा सुचवू लागलो होतो, तेव्हा सौभाग्यवतींनी मला गेरू कालविण्यास बसविले. चित्र मला येत नाही, त्यामुळे हे काम मला योग्यच होते.

पावसाळ्याने ती चित्रे धुपतात. साथीच्या दिवसांत एक वर्ष कोणी आले नाही. नंतर पुन्हा येऊ लागले. दिवाळीच्या सुट्टीत भिंत सारखी करून नवी चित्रे काढण्याची आता चाल पडली आहे. गेल्या दिवाळीत एका लहान मुलीने बैल काढला, आणि त्याला पाच पाय झाले. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मोठ्या भावाने ओला बोळा उचलला, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, ‘राहू दे. पुढल्या वर्षी तीच पुसेल.’